बालवाडीसाठी मोजणीचे पट: किती घरं, कसलं दान, कुठल्या सोंगट्या?

खळ्यातली_शाळा
गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या बालवाडीसाठी मोजणीचे पट घरीच करायचे आहेत. मुलं बावीस, वय तीन ते सहा. खोली एकच, पुढे चिऱ्यांचं खळं, म्हणजे जांभ्या दगडाचं अंगण. सेविका एक, मदतनीस एक. सापशिडी आणि लुडो आहेत, पण लहानगी सोंगट्या मुठीत धरून बसतात आणि डाव मोठीच खेळतात.

विचारायचं ते असं: पट किती घरांचा असावा? फासा बरा की कवड्या? सोंगट्या म्हणून आसपास मिळणारं काय चालेल? चिंचोके, सागरगोटे, शिंपल्या, काजूच्या बिया डोळ्यांसमोर आहेत. आणि जून लागला की पुठ्ठा सादळतो, त्याचं काय? कृपया मापं सांगा. 'हसतखेळत शिक्षण' वगैरे सगळं मान्य आहे, ते गृहीत धरून पुढे बोलू.

अंकलिपी
सापशिडी सहा-सात वर्षांपर्यंत फडताळात ठेवा. शंभर घरं हा एक भाग झालाच, पण खरी अडचण वाटेची आहे. १ ते १० डावीकडून उजवीकडे जातात आणि ११ ते २० उलट फिरतात. आकडे नुकते ओळखू लागलेल्या मुलाला 'पुढे' म्हणजे नक्की कुठे हेच दर ओळीला नव्याने शोधावं लागतं. त्यात शिडी आणि साप मोजणीशी काही संबंध नसलेली उडी मारायला लावतात. लुडोत तर घरांवर आकडेच नाहीत.

साडेतीन ते पाच वर्षांसाठी सरळ एका ओळीत दहा घरं. डावीकडे १, उजवीकडे १०, एका वेळी एक किंवा दोनच घरं पुढे. हे मनाने सांगत नाही. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या अमेरिकन बालवाडीच्या मुलांवर हाच पट वापरून पाहिला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. आकडे ओळखणं, मोजणं, दोन संख्यांतली मोठी सांगणं, रेघेवर संख्येची जागा दाखवणं, या सगळ्यांत मुलं पुढे गेली आणि नऊ आठवड्यांनीही ते टिकून होतं. तोच पट, पण घरांत आकड्यांऐवजी नुसते रंग, असा खेळ खेळलेली मुलं होती तिथेच राहिली. पुढच्या वर्षी त्यांनी गोल पट आणि सरळ पट यांची तुलना केली, त्यात सरळ पट उजवा ठरला.

कारण समजायला सोपं आहे. सरळ पटावर संख्या जितकी मोठी, तितक्या उड्या जास्त, तितके उच्चार जास्त, तितका वेळ जास्त आणि सोंगटी सुरुवातीपासून तितकी लांब. चारही गोष्टी एकदम वाढतात. गोल पटावर दहावं घर पहिल्याच्या शेजारी येऊन बसतं.

मापं: घर ६ × ६ सेंमी, आकडा ३ सेंमी उंच. 'सुरुवात' आणि 'शेवट' ही दोन कोरी घरं धरून पट्टी ७२ सेंमी लांब. रुंदी १८ सेंमी घ्या, म्हणजे तिघांसाठी तीन समांतर वाटा बसतात. प्रत्येक वाटेवर आकडे स्वतंत्र लिहायचे. एकाच घरात तीन सोंगट्या कोंबल्या की खालचा आकडा दिसत नाही, आणि मग पट असून नसल्यासारखा.

तांडेल
मस्त. कोकणचाच पट करा ना! उत्तरेकडून दक्षिणेकडे दहा बंदरं: अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. सोंगटी म्हणजे होडी. प्रत्येक घरात किल्ल्याचं नाहीतर माशाचं चित्र.

बिगरी_ते_पहिली
बंदरं बरोबर क्रमाने आहेत, पण तीन ते पाचच्या पटावर नकोत. घरात आकड्याशेजारी चित्र आलं की मूल चित्राचं नाव घेतं. सोंगटी टेकते तेव्हा तोंडातून 'नऊ' यायला हवं, तिथे 'मालवण' येतं, आणि पुढचं दान 'किल्ल्यापासून दोन' असं होतं. हौस असेल तर होडी सुरुवातीच्या कोऱ्या घरात आणि दीपगृह शेवटच्या घरात काढा. मधल्या दहा घरांत चित्र नको: नुसता आकडा आणि खाली तितके ठिपके. पाचाच्या पुढच्या ठिपक्यांत पाचांची ओळ वेगळ्या रंगाची ठेवा, म्हणजे सात हे 'पाच आणि दोन' असं डोळ्यांना दिसतं.

शिवाय किनारा नकाशात वरून खाली जातो आणि आपल्याला हवाय डावीकडून उजवीकडे. तो पट सहा-सातच्या मुलांना द्या, तिथे बंदरांची मजा आहे.

तांडेल
बरं, होडीवर समाधान मानतो.

चितार_आळीचा
पट कशावर करायचा ते सांगतो. पुठ्ठा विसरा. कितीही लॅमिनेट केला तरी कडेने दमट हवा शिरते, कोपरे सुटतात आणि जुलैत पट केळीच्या पानासारखा वळतो. लॅमिनेशनच करायचं असेल तर कागदाच्या चारही बाजूंनी निदान ५ मिमी नुसतं प्लास्टिक सोडा. कागदाच्या कडेलगत कापलं की पाणी आलंच.

सगळ्यांत टिकाऊ म्हणजे सनमायकाची पट्टी. सुताराकडे १ मिमी जाडीचे तुकडे उरलेले पडून असतात. पांढऱ्या नाहीतर फिक्या रंगाचा घ्या, चकाकीचा नको, कारण आकड्यावर उजेड चमकतो. कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने मारून कोपरे गोल करा. ताज्या कापलेल्या सनमायकाची कड ब्लेडसारखी लागते. मागे ६ मिमी प्लाय लावला तर पट उलटत नाही. नुसती पट्टी असेल तर मुलाच्या गुडघ्याने एक टोक दबतं, दुसरं उडतं आणि सगळ्या सोंगट्या ढासळतात.

फ्लेक्स स्वस्त पडतो आणि गुंडाळून ठेवता येतो, पण छापल्यावर वास जाईपर्यंत सावलीत उघडा टांगून ठेवा. कडा दुमडून शिवल्या नाहीत तर त्या वळतात.

रंगाबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगतो. आपल्याकडे घराघरांत होडीला लावून उरलेल्या रंगाचा डबा असतो. तो मुलांच्या वस्तूला लावायचा नाही. बुडाच्या रंगात शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून विष घातलेलं असतं. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) केली, ते नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत. त्यामुळे नवीन डबा घ्या, 'शिसेविरहित' लिहिलेला, आणि रंग पूर्ण वाळल्यावरच पट खेळायला काढा. पावसाळ्यात ऑइल पेंट वाळायला दुप्पट वेळ घेतो, म्हणून हे काम मे महिन्यातच उरका.

गुंजभर
सोंगट्यांच्या यादीवर थांबा जरा.

काजूची कच्ची बी अजिबात नाही. टरफलातलं तेल कातडी जाळतं. मूल बी दगडावर आपटणार, चोखणार. ओठांवर नि बोटांवर फोड येतात. वाळलेल्या बीतही तेल असतंच.

गुंजा दिसायला मोहक, पण चावून फुटलेली एक बीही जिवावर बेतू शकते. एरंड आणि मोगली एरंड यांच्या बियाही तशाच. कुंपणावरून वेचलेल्या बियांत या सहज मिसळतात, म्हणून 'मुलांकडून बिया गोळा करून घ्या' हा उपक्रम मोठ्यांच्या नजरेखालीच.

चिंचोके आणि सागरगोटे विषाचे म्हणून नव्हेत, पण आकाराचे म्हणून अडचणीचे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्यांच्या चाचणीत ३१.७ मिमी व्यासाची तिरक्या तळाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असं धरतात. तुमच्याकडची मुलं तीनच्या पुढची आहेत हे खरं, पण कडेवरचं धाकटं भावंड आणि सगळं तोंडात घालणारा साडेतीन वर्षांचा एखादा असतोच. जाड कागद गुंडाळून ३२ मिमी आतल्या व्यासाची नळी करा आणि प्रत्येक वस्तू तिच्यातून टाकून बघा. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३० मिमी, म्हणजे तेही नापास. तोंड रुंद असलेल्या बरणीचं झाकण चालतं.

मालवणी_खाजा
एवढा सगळा कित्याक? आमच्याकडे पोरांका चिंचोके देतत नि पोरां खेळतत!

गुंजभर
@मालवणी_खाजा, पाचच्या पुढच्यांना द्या की! फक्त दिलेले मोजून द्या आणि मोजून परत घ्या. तीही मोजणीच झाली.

अंकलिपी
+१. कच्च्या काजूबद्दल तर +१००.

चितार_आळीचा
सोंगटीचं माप मग असं धरा: बूड ३५ मिमी, उंची ४५ मिमी, मधे कंबर बारीक, म्हणजे चिमटीत येते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना पूर्वापार वापरतात तो पांगारा हलका आहे. हलकी सोंगटी पट हलला की पडते, तेव्हा बूड रुंदच हवं. कातारीवर (लेथवर) एका नगात काढून घ्या, डोकं वेगळं चिकटवलेलं नको, ते आज ना उद्या हातात येतं.

बिनखर्चाची सोंगटी हवी तर करवंटीची चकती. ४० मिमी व्यासाची कापा, बाहेरचा काथ्या काचेच्या तुकड्याने नाही तर कानशीने घासून काढा, कडा पॉलिश पेपरने. ती पालथी ठेवली की घुमटासारखी बसते, डुलत नाही. वरच्या बाजूला रंगाचा मोठा ठिपका. तीन मुलं, तीन रंग.

विकायचा विचार कोणाच्या मनात आला तर: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. स्वतःच्या बालवाडीसाठी करताय तोवर प्रश्न नाही.

खळ्यातली_शाळा
सनमायका आणि करवंटी पक्कं. काजू बाद. आता दानाचं सांगा. एक-दोनची फिरकी (चकतीवर फिरणारा बाण) घरी करून पाहिली की ती दर वेळी एकाच बाजूला थांबते, असं बरेच जण म्हणतात.

चितार_आळीचा
फिरकी एका बाजूला थांबते त्याची कारणं दोन: बाण एका अंगाला जड, किंवा जमीन उताराची. खळ्याला पाणी जायला उतार दिलेलाच असतो, तिथे फिरकी कधीच नीट चालणार नाही. पुठ्ठ्याच्या बाणाला टाचणी लावली तर सादळलेला पुठ्ठा फुगतो, भोक आवळतं आणि बाण अर्ध्या फेऱ्यात अडकतो.

करायचीच तर: १२ सेंमी व्यासाची चकती, बाण जुन्या प्लास्टिक फाइलचा, ९ सेंमी लांब आणि दोन्ही टोकांना सारख्या वजनाचा (शेपूट रुंद ठेवा). मधे ४ मिमी बोल्ट, बाणाच्या वर आणि खाली एकेक वॉशर. नट आवळून अर्धा फेरा सैल सोडायचा आणि त्याच्यावर दुसरा नट घट्ट बसवायचा, म्हणजे पहिला फिरत नाही. वीस वेळा फिरवून पाहा. एकच बाजू पंधरा किंवा जास्त वेळा आली तर बाण घासून तोल साधा.

पण फिरकीची गरज काय? ५ सेंमीची लाकडी चकती घ्या, एका अंगाला एक ठिपका, दुसऱ्या अंगाला दोन. उडवा. झालं दान. मोडत नाही, सादळत नाही, उतारावर चालते.

पटावरची_कवडी
किंवा एक मोठी कवडी: उताणी पडली तर दोन, पालथी पडली तर एक. कवडी दोन्ही अंगांना सारखी पडत नाही, पण इथे कोणी पैजा लावत नाहीये. फक्त गुंजभर यांच्या नळीच्या चाचणीत ती पास व्हायला हवी, म्हणजे नळीत मावता कामा नये. बाजारातल्या बहुतेक पास होत नाहीत.

मला वाटतं पाचच्या मुलांसाठी चार कवड्या हे आपलं सर्वांत चांगलं साधन आहे आणि आपण ते फाशापायी टाकून दिलं. मोठ्यांच्या पटावर चारही उताण्या म्हणजे चार आणि चारही पालथ्या म्हणजे आठ, तो नियम इथे नको. नुसतं 'उताण्या किती?' एवढंच. मुलाला आधी कवड्या निवडाव्या लागतात, मग उताण्या मोजाव्या लागतात, मग तितकी घरं जावं लागतं. फाशावर हे निवडणं नसतं. आणि चारही पालथ्या पडल्या की शून्य येतं. शून्य म्हणजे सोंगटी जागची हलत नाही, हे फळ्यावर शिकवून जितकं कळत नाही तितकं इथे एका दानात कळतं. चार सारख्या कवड्या धरल्या तर सोळा दानांत साधारण सहा वेळा दोन, चार-चार वेळा एक आणि तीन, आणि एकेकदा शून्य आणि चार. सरासरी दान दोन, म्हणजे दहा घरांचा डाव पाचेक दानांत संपतो. म्हणून चार कवड्या वापरायच्या तर पट वीस घरांचा घ्या.

अंकलिपी
हाच हिशेब सहा ठिपक्यांच्या फाशाला लावा. सरासरी साडेतीन. दहा घरांचा पट तीन दानांत खलास, मूल जेमतेम तीनदा मोजणार. एक-दोनच्या चकतीने तोच डाव सात दानांत जातो. छोट्यांच्या पटावर छोटं दान हवं ते यासाठी, फासा 'अवघड' म्हणून नव्हे.

फासा वापरायचाच तर ४ सेंमीचा ठोकळा आणि त्याच्यावर १, २, ३ दोन-दोनदा. तीनपर्यंतचे ठिपके मूल न मोजता ओळखतं, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष सोंगटीच्या उड्यांकडे राहतं. दान उंच कडेच्या परातीत टाकायला सांगा, नाहीतर निम्मा वेळ कपाटाखालचा फासा काढण्यात जातो.

बिगरी_ते_पहिली
आता खेळताना काय चुकतं ते, कारण पट कितीही चांगला असो, मोजणी चुकीची होत राहिली तर तो रंगीत पाट.

सगळ्यांत ठरलेली चूक: सोंगटी ४ वर आहे, दान दोन, आणि मूल ४ च्याच घरावर सोंगटी टेकवून 'एक' म्हणतं, मग ५ वर 'दोन'. उभं असलेलं घर मोजायचं नाही हे सांगून कळत नाही. सोंगटी हवेत उचलायला लावा आणि पुढच्या घरात टेकतानाच तोंड उघडायचं. सरकवायला बंदी. सरकवलेली सोंगटी दोन घरांत एक आकडा म्हणवते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ४ वरून दोन पुढे जाताना 'एक, दोन' नाही म्हणायचं. 'पाच, सहा' म्हणायचं, म्हणजे ज्या घरात टेकतोय त्याचं नाव. लास्की आणि सीगलर यांनी २०१४ मध्ये शंभरपर्यंतच्या पटावर दोन्ही रीती ताडून पाहिल्या. घराचं नाव घेत पुढे गेलेल्या मुलांना फायदा झाला, दर दानाला एकपासून मोजणाऱ्यांना तो झाला नाही. आपल्याकडे घराघरांत 'एक, दोन' म्हणायचीच सवय आहे, त्यामुळे मुलाला घरचं माणूस खेळायला बसवलं की ही रीत मोडते. पालकांना बोलावून एक डाव खेळून दाखवा, चिठ्ठी पाठवून भागत नाही.

सुरुवातीला मूल अडखळतं: दोन घरं जायचीत हे लक्षात ठेवायचं आणि 'पाच, सहा'ही म्हणायचं, हा दुहेरी भार आहे. तेव्हा दानाचे दोन ठिपके दिसत राहतील अशी चकती पटाशेजारीच ठेवा, उचलू नका. अडलं तर मोठ्याने त्याच्या बरोबरीने म्हणायचं आणि मग मुलाला एकट्याने परत म्हणायला लावायचं. नुसतं 'चूक' म्हणून सोंगटी आपण हलवून दिली तर मूल तेच शिकतं, की शेवटी ताई हलवतात.

शेवटच्या घरासाठी नेमकं दान लागतं हा लुडोचा नियम इथे आणू नका. ९ वर असलेल्याला दोन पडले तरी पोचला. नेमक्या दानाची वाट बघणारं मूल चार फेऱ्या काही मोजतच नाही.

पटावर तिघांपेक्षा जास्त नकोत. चौथा आला की आपली पाळी येईपर्यंत पहिला उठून गेलेला असतो.

खळ्यातली_शाळा
बावीस मुलं, तिघांचे गट, म्हणजे सात-आठ गट. एकच मोठं माणूस गटाबरोबर बसू शकतं. बाकीच्यांचं काय? आणि तो अमेरिकेतला प्रयोग एका मुलाबरोबर एक मोठा माणूस असा होता ना?

अंकलिपी
होता. पण रमाणी आणि सीगलर यांनीच २०१२ मध्ये तो वर्गात नेला, मदतनिसांनी लहान गट घेऊन खेळवला, आणि तरी फायदा दिसला. तुमचं गणित: रोज दोन गट, पंधरा-पंधरा मिनिटं. सहा दिवसांच्या आठवड्याने पंधरवड्यात चोवीस बैठका, म्हणजे प्रत्येक मुलाला तीनदा. मदतनीस ताईंनी आठवड्याला चार बैठका जरी उचलल्या तरी चार पूर्ण होतात. मोठ्या मुलांना 'मोजणारा' म्हणून लहानांच्या गटात बसवू नका, ती स्वतःच सोंगटी हलवून मोकळी होतात.

बाकीच्यांना खोलीत जुळवणीचं काम द्या. खालचा प्रतिसाद कोणीतरी लिहीलच.

दहाची_पेटी
लिहितो. पट सगळ्यांनाच लगेच द्यायचा नसतो. आधी एक तपासणी: ताटात दहा-बारा मोठ्या शिंपल्या ठेवून 'मला तीन दे' म्हणा. दहापर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं मूठभर उचलून देतात. 'एक दे', 'दोन दे' जमतं आणि तीनला मूठ, अशी पायरी बहुतेकांची असते. त्या मुलाला अजून पट नको, त्याला एकास एक जुळवणी हवी.

त्यासाठी अंड्यांचा ट्रे. तीसचा ट्रे ५ × ६ चा असतो. त्याचे दोन-दोन ओळींचे तीन तुकडे कापा, प्रत्येकात २ × ५ म्हणजे बरोबर दहा खळगे. एका ट्रेतून तीन मुलांची सोय. कागदी लगद्याचा ट्रे धुता येत नाही आणि त्याला अंड्याची घाण असते, म्हणून प्लास्टिकचा घ्या, साबणाने धुऊन उन्हात वाळवा. एका खळग्यात एक शिंपली, भरलेले किती, रिकामे किती. सहा भरले की चार रिकामे हे मूल सांगण्याआधी बघतं. आंब्याच्या दिवसांत यालाच 'पेटी भरणं' म्हणा, मुलांना समजावावं लागत नाही. फक्त खऱ्या पेटीत डझनाने मोजतात, इथे दहाने, ते मोठी मुलं हटकून विचारतात!

शिंपल्या तिसऱ्यांच्या (आपण खातो त्या) चालतात, पण मोठ्या निवडा, लहान नळीत बसतात. दहा मिनिटं उकळा, आतला चिकट भाग ब्रशने काढा, दोन दिवस कडक उन्हात. एवढं केलं नाही तर आठवड्यात खोलीला वास येतो. काठ चिऱ्यावर घासला की बोथट होतो. पुळणीवरून वेचलेल्यांत जिवंत प्राणी नाही ना ते पाहा.

तांडेल
हरल्यावर रडणाऱ्यांचं काय? तीन वर्षांच्या मुलाला 'दुसरा आलास' म्हणजे आभाळ कोसळतं.

पटावरची_कवडी
मग सगळे एका बाजूला, कुर्ली (खेकडा) दुसऱ्या बाजूला. दहा बांगडे (सनमायकाचेच, ७ सेंमी), एक जाळं म्हणून कापड आणि कुर्लीसाठी पाच घरांची वेगळी पट्टी. फाशावर १, १, २, २, ३ आणि एका बाजूला कुर्ली. आकडा आला की तितके बांगडे मोजून जाळ्यात, कुर्ली आली की ती एक घर पुढे. दहाही बांगडे जाळ्यात येण्याआधी कुर्ली शेवटच्या घरात पोचली तर जाळं फाडलं.

पण हिशेब करा: अशा फाशावर कुर्ली पाच वेळा येणं जवळपास होतच नाही, मुलं दर वेळी जिंकतात आणि चौथ्या डावाला कंटाळतात. दोन बाजू कुर्लीच्या करा, बाकी १, १, २, २. मग साधारण चारातला एखादा डाव कुर्ली जिंकते. पोरं हरतात, पण सगळी मिळून हरतात, आणि लगेच परत मांडतात.

दर दानानंतर 'जाळ्यात किती, बाहेर किती' हे विचारायला विसरू नका, नाहीतर हा नुसता फासा टाकायचा खेळ होतो.

अंकलिपी
कुर्ली उत्तम. पण ती दहाच्या सरळ पटाऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला. यात आकड्यांची ओळ डोळ्यांसमोर नसते.

बिगरी_ते_पहिली
आकडे कुठले लिहायचे हा वाद येणारच, म्हणून आधीच: एका पटावर एकच लिपी. घरात इंग्रजी माध्यमाची भावंडं असली की मुलांच्या डोळ्यांत दोन्ही आकडे असतात. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ एकमेकांसारखे दिसतात. ३ आणि ६ हे आरशातले जुळे, त्यांच्याखाली आडवी रेघ मारा म्हणजे उलटा पट बघणाऱ्यालाही खालची बाजू कळते. आणि सगळ्यांना पटाच्या एकाच बाजूला बसवा. समोरासमोर बसवलं तर समोरच्याचं १ उजवीकडे येतं आणि सरळ पटाचा अर्धा फायदा तिथेच जातो.

दहाच्या पुढे घाई नको. अकरा ते अठरा ही नावं मराठीत पाठच करावी लागतात आणि एकोणीसमध्ये तर वीसला एक कमी हा हिशेब लपलाय. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! बाजू कोणतीही घ्या, अडचण खरी आहे एवढं त्यातून सगळ्यांना कळलं. वीसचा पट कराल तेव्हा दुसरी ओळ पहिलीच्या खाली, पुन्हा डावीकडूनच सुरू. १ च्या खाली ११, २ च्या खाली १२. सापशिडीसारखी नागमोडी नको.

खळ्यातली_शाळा
आणि खळ्यात मोठा पट आखला तर?

तांडेल
खळ्यात आखाच. घर ३० सेंमी, दहा घरं म्हणजे ३ मीटर, मूल स्वतःच सोंगटी. चिऱ्यावर खडू दिसत नाही, कालवलेला चुना कुंच्याने ओढा, वाळल्यावर आकडा गेरूने. ३० सेंमीपेक्षा मोठं घर केलं तर लहानगं एका घरात दोन पावलं टाकतं आणि दोन मोजतं. पावसाळ्यात खळं शेवाळतं, तेव्हा उड्या बंद. पडवीत फरशीवर रंगीत चिकटपट्टीने तोच पट.

गुंजभर
साठवणीचं राहिलं. पट आणि सोंगट्या बंद प्लास्टिकच्या पेटीत जूनमध्ये ओल्या हाताने भरल्या की श्रावणात बुरशी धरतात. खेळून झालं की कोरड्या फडक्याने पुसायचं आणि उघड्या फळीवर उभं ठेवायचं, भिंतीला टेकवून नाही, मधे बोटभर जागा. लाकडी सोंगट्या जाळीच्या पिशवीत टांगा. झुरळांसाठी पेटीत डांबराच्या गोळ्या टाकायची सवय असते ती इथे मोडा. पांढऱ्या, गोल, गोळीसारख्या दिसतात आणि पोटात गेल्या तर विषारी. बुटांच्या खोक्यातली 'खाऊ नये' लिहिलेली पुडीही नको, लिहिलेलं वाचणारं तिथे कोणी नाही.

चितार_आळीचा
आणि प्लायच्या मागच्या बाजूला नि कडांनाही रंगाचा हात द्या. पुढे सनमायका आणि मागे उघडं लाकूड असेल तर मागची बाजू ओल पिते आणि पट धनुष्यासारखा वाकतो. वाळवी लागते तीही मागूनच.

खळ्यातली_शाळा
यादी अशी झाली: सनमायकाचे दोन पट दहाचे, एक वीसचा. करवंटीच्या सोंगट्या बारा. एक-दोनच्या चकत्या तीन, ४ सेंमीचा १-२-३ चा ठोकळा एक, कुर्लीचा एक. प्लास्टिकचे ट्रे तीन, म्हणजे नऊ तुकडे. नळी आजच गुंडाळते. वीसच्या पटासाठी चार कवड्या नळीत अडकण्याएवढ्या मोठ्या मिळाल्या नाहीत तर त्याजागी काय वापरू?

पटावरची_कवडी
करवंटीच्याच चार चकत्या, ४० मिमी. आतली बाजू रंगवा, बाहेरची तशीच ठेवा. रंग वर किती ते मोजायचं. करवंटी कवडीसारखीच एका अंगावर जास्त पडते; फारच एकतर्फी पडू लागली तर बाहेरचा फुगवटा थोडा घासून सपाट करा.